पाच सवाष्णींचा केक

केकाला शास्त्र नाही, ही गोष्ट कारापूरच्या घरात बुधवारी संध्याकाळी चहाच्या वेळी उघडकीला आली, आणि त्यानंतर रविवारी लग्न लागेपर्यंत कोणाच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

बाकी सगळ्याला शास्त्र होतं. उडीद कोणी दळायचे, मुहूर्तमेढीला हळद कोणी लावायची, ओटीत आधी तांदूळ की आधी नारळ, हे सगळं देवकीला तोंडपाठ होतं. जिथे पाठ नव्हतं तिथे ती जागच्या जागी नवं शास्त्र तयार करी, आणि ते अशा आवाजात सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे पांडवांच्या काळापासून चालत आलंय. थोरली जाऊ वारल्यापासून देवकी ही घरातली एकुलती एक सवाष्ण होती. गावात एकच दुकान असलं की भाव दुकानदारच ठरवतो.

सुमनच्या दृष्टीनं या सगळ्या शास्त्राचा अर्थ एकच होता. सुमननं मागच्या पडवीत बसायचं. सव्वीस वर्षांपूर्वी तिळारी घाटात नवऱ्याचा ट्रक दरीत गेला आणि सत्ताविसाव्या वर्षी ती भावांच्या घरी परत आली, तेव्हापासून हा नियम एकदाही मोडला नव्हता. नारळ खवायला विधवेचा हात चालतो, खवलेला नारळ मंगलकार्यात वाढायला चालत नाही. तांदूळ निवडायला चालतो, अक्षता म्हणून तेच तांदूळ उचलायला चालत नाही. तांदळाला हा फरक कसा कळतो, हे तिनं पहिली दोन-चार वर्षं मनातल्या मनात विचारून पाहिलं होतं, मग सोडून दिलं.

थोरला भाऊ गोकुळदास विधुर होता. त्यालाही कन्यादानाच्या पाटावर बसता येणार नव्हतं, तिथे धाकटा भाऊ यशवंत आणि त्याची बायको देवकी बसणार होती. बाकी गोकुळदासला फेटा बांधायला, व्याह्यांना मिठी मारायला आणि हळदीला नाचायलासुद्धा शास्त्राची मुभा होती. बायको मेलेल्या पुरुषाला फक्त एक पाट वर्ज्य असतो आणि नवरा मेलेल्या बाईला पाट सोडून सगळं घर, ही वाटणी कोणी केली असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

तर बुधवारी यशवंतनं चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, ''रिसेप्शनच्या केकाची ऑर्डर म्हापशाक देतंय. तीन मजली. वर कारंजा.''

''कारंजा कित्याक, काका?'' नवरीनं, गोकुळदासच्या संजनानं, विचारलं.

''पाणी उडता. लायटी पेटतत. पंचायतीतल्या सगळ्यांका सांगून मोकळो झालंय मी.''

''मग सगळ्यांका परत सांगा. केक मी घरात करतलंय.''

यात नवल नव्हतं. संजना चार वर्षं हरमलच्या एका कॅफेत केक भाजत होती. किनाऱ्यावरचे गोरे लोक तिच्या हातचं खाऊन परत परत येत, आणि त्यांच्यातच बसून खाणारा गौरेश, पेडण्याचा सावळा, सरळ मुलगा, तो तर परत गेलाच नाही. नवल होतं ते तिच्या पुढच्या वाक्यात.

''मी आणि आत्या. दोघां मिळान.''

पडवीत मसाल्याच्या मिरच्यांची देठं काढत बसलेल्या सुमनचा हात थांबला. गेले तीन रविवार संजना हरमलहून आणलेला ओव्हन स्वयंपाकघरात लावून केक करून बघत होती आणि सुमनला शेजारी उभी करून सगळं तिच्या हातून करून घेत होती. मैदा चाळ, दही घोट, आता मिसळ, आता थांब, आता सरळ भट्टीत. सुमनला वाटलं होतं, पोरीला मदतीला कोणीतरी हवं. आता तिच्या ध्यानात आलं. या पोरीनं लग्नातलं सगळं चाळून पाहिलं होतं आणि ज्याला शास्त्र नाही अशी एकच गोष्ट शोधून काढली होती. दोन वर्षांची असल्यापासून जिला न्हाऊमाखू घातलं, तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं, तिच्या लग्नाला सुमनचा हात लागायला तेवढीच एक वाट उरली होती. सुमननं डोळे पुसले आणि दोष मिरच्यांना दिला.

देवकीच्याही ध्यानात आलं होतं. देवकी काहीही असो, मंद नव्हती.

''केक मंगलकार्यात येता मगे?'' तिनं गोड आवाजात विचारलं. ''नाय म्हणजे, नवरो-नवरी एका सुरयेन कापतत, एकमेकांका भरवतत. मंगलच ता.''

''काकी, केक आसा तो. होम न्हय.''

''म्हणानच इचारूया म्हणतंय.'' आणि तिनं दत्तप्रसाद भटजींना फोन लावला, स्पीकरवर.

भटजी स्कूटरवर होते. त्यांनी रस्त्याच्या कडेला थांबून सगळं ऐकून घेतलं. ''वहिनी, पंचांगात केक नाही,'' ते म्हणाले. ''विधी नाही, निषेधही नाही. कोणी करायचा तो करू दे. फक्त घरात देवक बसल्यावर अंडं नको.''

''अंडां नायच घालूचंय. दही घालतंय,'' संजना म्हणाली.

''मग झालं तर,'' असं म्हणून भटजींनी फोन ठेवला. दुसरं कोणी असतं तर त्यालाही झालंसं वाटलं असतं. देवकीनं फोन पदरानं पुसला. ''बघा, भटजी म्हणाले, विधी नाय. म्हणजे तो आमीच घालूचो. पाच सवाष्णी बोलवतंय शुक्रवारी. पीठ त्या ढवळतल्यो. संजनान बाजूक उभ्या रवान सांगूचा.''

''आणि आत्या?''

''वन्संका काय कामां कमी आसत?''

संजना बापाकडे वळली. गोकुळदास खाणीच्या ऑफिसात तीस वर्षं हजेरी घेत होता. कोण आलं, कोण नाही, याची नोंद ठेवायची आणि मत द्यायचं नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं. ''तुमी बायकांनी काय ता ठरवा,'' तो म्हणाला आणि पेपर वाचू लागला. पेपर सकाळचा होता आणि त्यानं तो दोनदा वाचला होता.

सुमनला भावाचा राग आला. देवकीचा आला नाही, कारण देवकी निदान तोंडावर वाईट होती. पण ''जाव दे गो बाय,'' एवढंच तिनं संजनाला सांगितलं. सव्वीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून इतक्या वेळा निघालं होतं की बोलायलासुद्धा लागत नसे, ओठ आपोआप हलत.

*

शुक्रवारी सकाळी संजनानं सगळं मोजून मेजावर मांडलं. एका मोठ्या टोपात मैदा, सोडा, कोको, काजूची पूड, दुसऱ्यात दही, साखर, लोणी. ''हे दोन वेगळे ठेवूचे,'' तिनं देवकीला बजावलं. ''एकदा मिसळले की दहा मिनटांत ओव्हनात जावक व्हये. मी येयसर कोणी हात लावू नका.''

''माका काय कळणा नाय?'' देवकी म्हणाली.

संजना बाहेरच्या खोलीत गेली आणि तिथेच अडकली, कारण दारात कांकणकार बसला होता. चुडा शनिवारी भरायचा ठरला होता. तो शुक्रवारी सकाळी कसा आला, हे त्या कांकणकारालाही नीट सांगता येईना. देवकीकाकींचा फोन आला होता, एवढं तो म्हणाला. हिरव्या काकणांनी दोन्ही हात कोपरापर्यंत भरायला दीड तास लागतो, आणि भरल्यावर नवरीनं चुलीकडे जायचं नाही, की एकही काकण वाढवायचं नाही. एक फुटलं तर अपशकुन. हे शास्त्र खरंच जुनं होतं, देवकीनं ते फक्त एक दिवस अलीकडे ओढलं होतं.

दहा वाजता सवाष्णी आल्या. शेजारची दिपाली, वाड्यावरच्या दोघी, देवकीची बहीण प्रिया आणि स्वतः देवकी. सगळ्यांनी केसांत अबोली माळली होती. टोपाला हळदकुंकू लागलं. देवकीनं मोठी कुलेर, म्हणजे डाव, उचलली, देवाचं नाव घेतलं आणि दही मैद्यात ओतलं.

सुमन मागच्या पडवीत आडोळीच्या विळीवर बसून नारळ खवत होती. मधल्या जनेलाच्या गजांतून तिला सगळं दिसत होतं. दही पडताच टोपातून बुडबुडे वर आले, आणि ती उठून जनेलाशी आली.

''देवकी, मिसळू नको ता. पोरीन सांगलेला आसा.''

देवकीनं मान वळवलीसुद्धा नाही. ''वन्सं, तुमी नारळ बघा.''

आणि सुमन परत आडोळीवर जाऊन बसली. पुढे कितीदा तरी तिला ते आठवून स्वतःची चीड आली. जनेलातून ओरडायला हवं होतं, टोप उचलून न्यायला हवा होता. निदान बाहेर जाऊन संजनाला सांगायला तरी हवं होतं. पण मंगलाच्या टोपाला तिचा हात लागला असता तर देवकीनं त्याचं जे केलं असतं, ते सांखळीच्या बाजारापर्यंत ऐकू गेलं असतं. तिनं नारळ बघितले.

पाचही जणींनी पाच पाच वेळा ढवळायचं ठरलं होतं. पण ढवळताना प्रत्येकीला बोलायला आलं, आणि बोलता बोलता पाचाचे पन्नास झाले. दिपालीनं नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतलं, मग सगळ्यांनाच घ्यावं लागलं. प्रियाला पीठ घट्ट वाटलं म्हणून तिनं वाटीभर दूध ओतलं. वाड्यावरच्या एकीनं मंगल म्हणून मूठभर खोबरं टाकलं. साडेदहाला पीठ तयार झालं, आणि देवकीची नजर भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे गेली.

''गे बाय, राहू लागलो,'' ती म्हणाली.

शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. त्या वेळात नवं काही सुरू करायचं नाही. सवाष्णींनी टोपावर ओला तवालो घातला, त्यावर तुळशीचं पान ठेवलं आणि चहा घेत बसल्या. आत दह्यानं आणि सोड्यानं आपली सगळी ताकद राहूला वाहून टाकली.

बारा वाजून पाच मिनिटांनी केक भट्टीत गेला. पाऊण तासानं देवकीनं ओव्हनचं दार उघडलं तेव्हा संजना काकणांचे दोन्ही हात छातीशी धरून मागे येऊन उभी राहिली होती. भांड्यात बोटभर उंचीचं, तपकिरी, चकाकतं असं काहीतरी होतं. सुरी घातली तर सुरी बाहेर यायला तयार होईना. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पाच हातांनी मात्र केकाला पार जमिनीला टेकवलं होतं.

''जरा बसलो,'' देवकी म्हणाली.

''तो बसलो नाय काकी. तो झोपलो,'' संजना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पुसायला हात वर केला की काकणं वाजत होती.

सवाष्णींनी एकमेकींकडे बघितलं आणि कामं आठवून त्या घरी गेल्या. यशवंतला आनंद लपवता येईना. त्यानं लगेच म्हापशाला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, लग्नसराई आहे, तीन मजली सोमवारी मिळेल. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. यशवंतनं कारंज्याचं तरी विचारलं. कारंजं होतं, शिल्लक होतं, नुसतं कारंजं हवं तर न्या म्हणाला.

रात्रीपर्यंत घरात ठरलं की केक नकोच. मग सासरच्यांना काय सांगायचं, यावर पुन्हा बैठक बसली. पेडण्याची माणसं, त्यांच्याकडे सगळं रीतसर. ''नवरी केक करता म्हणान त्यांनी गावभर सांगलेला आसा,'' गोकुळदास म्हणाला. कोणी मत विचारलं नसताना तो बोलला, यावरून संकट किती मोठं होतं ते कळावं.

*

शनिवारी सकाळी सगळं घर देवाला निघालं. लग्नाचं पहिलं आमंत्रण देवाचं, गाऱ्हाणं घालायचं, नारळ ठेवायचा. घर राखायला सुमन मागे राहिली. तीच राहायची. चुडा भरलेल्या नवरीला उन्हात काढायचं नाही म्हणून संजनाही राहिली. गाडी फाटकाबाहेर पडली, धूळ खाली बसली, आणि संजना स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसली.

''आत्या, मैदा चाळ.''

''नको गो बाय. कळला तर तमाशा होतलो.''

''दुपारच्या दोनपर्यंत कोण येणा नाय. साडेतीन तास आसत. तीन थर, एकेक पाऊण तास. चाळ.''

सुमन उभी राहिली. हात धुतले, पदर खोचला. मनातली भीती जायला मैदा चाळून होईपर्यंत वेळ लागला. मग हात आपले आपण चालू लागले. संजना दोन्ही हात मांडीवर ठेवून, काकणं सांभाळत, नुसती बघत होती. सांगायची वेळ तिच्यावर फार आली नाही. दही मिसळल्याबरोबर सुमननं टोप उचलला आणि दहाव्या मिनिटाला पहिला थर भट्टीत होता. घड्याळात पावणेअकरा झाले होते. शनिवारी राहुकाळ नऊ ते साडेदहा असतो. तो होऊन गेला होता, म्हणजे राहूचीही तक्रार नव्हती.

पहिला थर चढू लागला. काचेतून दोघी वाकून बघत राहिल्या. मधोमध फुगला, कडा सुटल्या, घरभर वास गेला.

''आत्या,'' संजना म्हणाली, ''उद्या लोक इचारतले, कोणी केलो.''

''तू केलंस म्हण. चुडो सांभाळून केलंस.''

''खोटा बोलूचंय नाय.''

''मग काय बोलूच नको.''

''ताच करतलंय,'' संजना म्हणाली. ''मी सांगूचंय नाय. मी सांगलंय तर तुज्यार उपकार केल्यासारखा होतला. 'बघा, आमच्या बिचाऱ्या आत्यान केलो.' माका ता नको. तू सांगशात तर सांग. नाय सांगलंस तर पाच सवाष्णींनी केलो. काकी आसाच सांगूक.''

''माका जमूचा नाय, संजू.''

''मग रवांदी.''

पोरीनं इतक्या शांतपणे सांगितलं की सुमनला ते लागलं. रागावली असती तर बरं, समजूत काढता आली असती. ती दुसऱ्या थराचा मैदा चाळू लागली. चाळता चाळता तिला यशवंतच्या लग्नाचा दिवस आठवला. नवी नवरी म्हणून देवकी माप ओलांडून घरात आली, तेव्हा सुमन मागच्या विहिरीवर होती. कोणी 'जा' म्हटलं नव्हतं. ती आपणच गेली होती, कोणी म्हणायच्या आधी. म्हणजे आपल्याला घालवायचं कष्टाचं काम आपणच इतकी वर्षं करत आलो, आणि तेही फुकट. तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि संजनाकडे पाठ करून तिनं दोन्ही उरकून घेतलं.

दोन वाजता गाडी आली तेव्हा मेजावर तीन थर एकावर एक उभे होते, त्यावर लोण्याचा पांढरा थापा, कडेनं काजूची नक्षी. देवकी दारात थांबली. तिनं केकाकडे बघितलं, संजनाच्या काकणांकडे बघितलं. सगळी शाबूत होती, त्यांवर मैद्याचा कणही नव्हता. मग तिनं सुमनच्या पदराकडे बघितलं. तिथे मैदा होता. देवकीनं काहीच विचारलं नाही. न विचारणं ही तिची जुनी विद्या होती. जे विचारलं नाही ते घडलंच नाही.

''बरो झालो मगे,'' ती म्हणाली. ''सवाष्णींचो हात वाया जायत नाय.''

*

रविवारी सांखळीच्या हॉलमध्ये लग्न लागलं. कन्यादानाला देवकी पाटावर बसली आणि रडलीसुद्धा, चांगलं रडली. सुमननं ते हॉलच्या मागच्या दारातून बघितलं, कारण तिथूनच जेवणाच्या भांड्यांवरही लक्ष ठेवता येत होतं.

संध्याकाळी रिसेप्शन. स्टेजवर केक आला, शेजारी यशवंतचं कारंजं, लायटी पेटत होत्या. यशवंतनं शेवटी ते आणलंच होतं. गौरेश आणि संजनानं सुरी धरली, कापला, टाळ्या झाल्या. मग केक पहिल्या रांगेशेजारच्या मेजावर उतरला, ताटल्या फिरू लागल्या आणि हॉलमध्ये ती शांतता पसरली जी माणसं चवीनं खातात तेव्हाच पसरते. पेडण्याच्या माणसांनी दुसऱ्यांदा ताटल्या पुढे केल्या. गौरेशची आई, जरीच्या हिरव्या साडीत, दुसरा तुकडा संपवून पहिल्या रांगेत देवकीकडे वळली.

''केक घरचो ना? कोणाचो हात हो?''

''आमच्याकडे रीत आसा,'' देवकी म्हणाली. तिनं नुकताच घास तोंडात घातला होता, तो एका गालात ठेवून ती बोलत होती. ''पाच सवाष्णींनी ढवळल्याबिगर मंगलाचा काय भट्टीत जायत नाय. माझोच पयलो हात.''

आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. सुमन तिथेच, मागच्या खुर्चीजवळ, रिकाम्या ताटल्या गोळा करत होती. तिच्या हातात वीस-बावीस ताटल्यांची चळत होती. तिनं स्टेजकडे बघितलं. संजना तिच्याकडेच बघत होती. नुसती बघत होती, खूण नाही, काही नाही.

सुमननं चळत खुर्चीवर ठेवली.

''नाय,'' ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. ''पाच सवाष्णींचो केक घरात आसा, फ्रिजवर. तो फुगाक नाय. हो केक काल मी केलो. एकटीन. संजनान नुसता सांगला, तिच्या हातात चुडो होतो.'' ती थांबली. अजून एक गोष्ट राहिली होती आणि ती सांगितल्याशिवाय पहिलीला काही अर्थ नव्हता. ''मी संजनाची आत्या. माझो घोव सव्वीस वर्षां झाली, वारलो. कोणाक माहीत नसात म्हणान सांगतंय. ज्याका नको, तेणी ताटली खाली ठेवची, मी उचलतंय.''

पहिल्या रांगेतल्या माना वळल्या. दुसऱ्या रांगेतल्याही. गोकुळदास व्याह्यांच्या शेजारी बसला होता, त्यानं मान खाली घातली. बहिणीकडे बघायची लाज वाटली, की भावजयीची भीती, हे त्याला तरी कळलं असेल की नाही कोण जाणे.

देवकीच्या गालात घास तसाच होता. गिळावा तर विधवेच्या हातचा, थुंकावा तर व्याहिणीसमोर, आणि समोर फोटोग्राफर. घडीभर ती तशीच बसली, डोळे ताठ करून. मग तिच्या गळ्याची शीर हलली. सवाष्णपणाला काही झालं नाही, मंगळसूत्र होतं तिथेच राहिलं.

ताटली एकानंही खाली ठेवली नाही.

गौरेशच्या आईनं आपल्या ताटलीतला चुरा बोटानं गोळा केला, खाल्ला आणि सुमनला विचारलं, ''दही आंबट घेतलात काय गोड?''

सव्वीस वर्षांत या घरातलं निम्मं अन्न सुमनच्या हातचं होतं. वाढलं दुसरीनं, नाव झालं तिसरीचं, आणि कसं केलं हे कधी कोणी विचारलं नव्हतं.

''आंबट,'' ती म्हणाली. ''दोन दिवसांचा. गोड घेतल्यान सोडो नीट उठणा नाय.''

''मी तरी म्हणतंय. माझो दरखेप मदी बसता.''

''मिसळल्यार ठेवतास काय?''

''ठेवतंय. ओव्हन तापायसर.''

''ओव्हन आदी तापवचो,'' सुमन म्हणाली. मग तिनं मोठ्या थराचं राहिलेलं टोक कापलं, ताटली घेतली नाही, तसंच हातात धरलं आणि स्टेजकडे चालू लागली. फोटोग्राफर सकाळपासून तिला 'मावशी, जरा बाजूक' म्हणत होता. आत्ताही त्यानं हात वर केला, पण ती थांबत नाही म्हटल्यावर हात खाली घेतला आणि फ्लॅश लावला.

गौरेश सरकला. सुमननं केकाचा तुकडा संजनाच्या तोंडाशी नेला. संजनानं मोठा घास घेतला, ओठांना लोणी लागलं, आणि तोंड भरलेलं असतानाच ती म्हणाली, ''सांगलंस.''

''सांगलंय,'' सुमन म्हणाली.